पुराचा इशारा वेबसाइटवर कसा टाकावा: शोधताना सापडेल आणि वाचताक्षणी समजेल असा

पाणी वाढू लागले की लोक दोन गोष्टी करतात. ओळखीच्या माणसाला फोन लावतात आणि मोबाइलवर शोधतात. शोधायचे शब्द अगदी साधे असतात: 'पंचगंगा पाणी पातळी आज', 'गगनबावडा रस्ता चालू आहे का', 'उद्या शाळेला सुट्टी आहे का'. उत्तर प्रशासनाकडे असते, बहुतेक वेळा वेबसाइटवर चढवलेलेही असते. पण ते असते जावक क्रमांकापासून सुरू होणाऱ्या स्कॅन केलेल्या पत्रात, 'प्रेसनोट २' अशा नावाच्या फाइलीत. ते गूगलला सापडत नाही आणि फोनवर वाचवत नाही. मग शोधणाऱ्यापुढे दोन वर्षांपूर्वीची बातमी येते, नाहीतर तारीख नसलेला व्हॉट्सअॅपवरचा फोटो खरा मानला जातो.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, तहसील कार्यालय, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि त्यांची वेबसाइट सांभाळणारे लोक यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण कोल्हापूरच्या पुराचे घेतले आहे, कारण तिथे पातळ्या ठरलेल्या आहेत आणि लोकांना त्या पाठ आहेत: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. कोकणातली दरड असो, विदर्भातली उष्णतेची लाट असो की पाइपलाइन फुटून पाणी दूषित झालेले असो, पद्धत हीच लागू पडते.

पहिले काम मे महिन्यात: एक कायमचा पत्ता

दर इशाऱ्याला नवे पान काढून तेवढ्यावर थांबणे ही सर्वांत मोठी चूक. नवे पान शोधयंत्राला कळायला कधी काही मिनिटे लागतात, कधी दोन दिवस. पुराला एवढा धीर नसतो. म्हणून पावसाळ्याआधीच एक कायमचे पान तयार करा. त्याचा पत्ता वर्षानुवर्षे बदलायचा नाही. वेबसाइटचे नाव, तिरकी रेघ आणि पुढे 'अलर्ट' एवढा एकच शब्द, तोही रोमन लिपीत. मराठी शब्दांचा पत्ता दिसायला छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की बहुतेक वेळा देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हे होतात, टक्क्यांच्या खुणांची चार ओळींची माळ तयार होते आणि लोकांना ती फसवी लिंक वाटते.

या पानावर इशारा नसतानाही मजकूर असला पाहिजे. 'सध्या कोणताही इशारा लागू नाही' हे वाक्य, त्याखाली ते तपासल्याची तारीख-वेळ, पातळ्यांचा अर्थ, निवाऱ्यांची यादी आणि फोन क्रमांक. रिकामे पान शोधयंत्र बाजूला टाकते. बारा महिने जिवंत असलेले, मुखपृष्ठावरून आणि तालुक्यांच्या पानांवरून जोडलेले पान ते पुन्हा पुन्हा तपासायला येते. जिल्ह्यातल्या सगळ्या नगरपालिका, ग्रामपंचायती, महाविद्यालये आणि पत्रकारांना हाच पत्ता द्या आणि त्यांच्या वेबसाइटवर जोडायला सांगा.

मुखपृष्ठावर इशाऱ्यासाठी सर्वांत वर स्थिर पट्टी ठेवा. सरकती पट्टी नको. वाचत असतानाच मजकूर निघून जातो, बोट लावावे तर लिंक सटकते, आणि पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला त्यातून काहीच हाती लागत नाही. फोटो बदलत राहणारी चौकटही याच कारणासाठी नको. मान्यवरांची छायाचित्रे इशाऱ्याच्या पानावर अजिबात नकोत. मोबाइलच्या पडद्याची वरची जागा तीच खातात आणि 'कुठे, केव्हा' हे पडद्याच्या खाली ढकलले जाते.

पान उघडते का, आणि कोणाला उघडते?

सुरक्षेच्या नावाखाली काही सरकारी वेबसाइट भारताबाहेरून उघडता येत नाहीत. याचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही: गूगलचा पाने वाचणारा बॉट मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. परदेश बंद केला की गूगलही बंद. शिवाय चिखलीत आईवडील आणि मुलगा दुबईत, अशी घरे कोल्हापुरात कमी नाहीत. तो मुलगा रात्री दोन वाजता पान उघडू पाहतो आणि त्याला कोरा पडदा दिसतो. निदान इशाऱ्याच्या पानापुरती ही अडवणूक काढून घ्या. लॉगिनची पाने, अर्ज भरायची पाने हवी तर बंदच ठेवा.

सोबत तीन गोष्टी तपासून घ्या. रोबोट्स फाइलीत (शोधयंत्राने कोणती पाने वाचू नयेत हे सांगणाऱ्या फाइलीत) हे पान अडवलेले नाही ना. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी चाचणी या पानाआधी येत नाही ना. आणि पानाचा मूळ मजकूर सर्व्हरवरूनच येतो ना, की जावास्क्रिप्ट चालल्यावर मग उमटतो. तिसरी गोष्ट तपासायला सोपी आहे. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा आणि 'पंचगंगा' हा शब्द शोधा. सापडला नाही, तर कमकुवत नेटवर्कवरच्या माणसालाही तो दिसण्याची खात्री नाही.

गूगल सर्च कन्सोल या, वेबसाइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या साधनात वेबसाइटची मालकी आधीच सिद्ध करून ठेवा. त्यासाठीची फाइल किंवा नोंद चढवायला कंत्राटदाराची परवानगी लागते, आणि ऐन पुरात तो फोन उचलेलच असे नाही. इशारा निघाला की तिथल्या यूआरएल तपासणीत पानाचा पत्ता टाकून पुन्हा नोंद घ्यायची विनंती करता येते. साइटमॅपमधली (शोधयंत्रासाठीच्या पानांच्या यादीतली) 'लास्टमॉड', म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख मजकूर खरोखर बदलला तेव्हाच बदला. काही सॉफ्टवेअर रोज आपोआप सगळ्या पानांना आजची तारीख लावते. असे झाले की शोधयंत्र त्या तारखेवर विश्वास ठेवणे सोडून देते.

पीडीएफ, फोटो आणि जुने फॉन्ट

सहीचे पत्र लागतेच, त्याला हरकत नाही. पण पत्र हा पुरावा आहे, इशारा नव्हे. इशारा पानावर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा आणि पत्राची लिंक तळाशी द्यावी.

पत्राचा मजकूर थेट चिकटवताना घोटाळा होतो तो फॉन्टमुळे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्याची पीडीएफ केली तरी आत तेच राहते. 'पंचगंगा' शोधणाऱ्याला ती फाइल सापडणार नाही, कारण फाइलीत 'पंचगंगा' हा शब्दच नाही. ओळखायची खूण अशी: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवा. अक्षरांचा काला झाला तर फॉन्ट जुना आहे. परिवर्तकाने युनिकोड करून घेता येते, मात्र नंतर जोडाक्षरे, रफार आणि आकडे डोळ्यांनी तपासा. परिवर्तनात '३९'चे काहीतरी भलतेच झाले तर ते वाक्य वाचून लक्षात येत नाही.

स्कॅन केलेल्या पत्रातली मराठी अक्षरे शोधयंत्र कधी ओळखते, कधी नाही. त्यावर भरवसा ठेवू नये. रंगीत कार्ड बनवायचे असेल तर जरूर बनवा, व्हॉट्सअॅपवर तेच चालते. पण कार्डातला प्रत्येक शब्द पानावर मजकूर म्हणूनही हवा, आणि कार्डावर जारी केल्याची तारीख-वेळ व पानाचा पत्ता छापलेला हवा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करा. ती नसली तर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी मजकूर दुसऱ्याच भाषेच्या आवाजात वाचू लागते.

मजकूर: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

नेहमी दिसणारा मजकूर असा असतो: 'तरी सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, पाणलोट क्षेत्रात सुरू असलेल्या पर्जन्यवृष्टीमुळे नदीच्या पाणी पातळीत वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' यात चूक काही नाही, पण उपयोगाचेही काही नाही. कोणती नदी, नदीकाठ म्हणजे कुठवर, सतर्क राहायचे म्हणजे सामान बांधायचे की जनावरे सोडायची, आणि केव्हापर्यंत, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो आणि घरीच थांबतो.

तोच इशारा असा लिहिता येतो. हा केवळ नमुना आहे. त्यातली तारीख, वेळ आणि परिस्थिती कल्पित आहे.

पंचगंगा इशारा पातळीवर: सुतारवाडा, चिखली, आंबेवाडीतील लोकांनी मंगळवार, १४ जुलै २०२६ रोजी रात्री ९च्या आत निवाऱ्यात जावे
जारी: मंगळवार, १४ जुलै २०२६, संध्याकाळी ५:३०
लागू: बुधवार, १५ जुलै २०२६, सकाळी १० वाजेपर्यंत
पुढची माहिती: आज रात्री ८:३० वाजता, याच पानावर
काय झाले: राजाराम बंधाऱ्यावर संध्याकाळी ५ वाजता पाणी ३९ फूट. राधानगरी धरणाचे २ स्वयंचलित दरवाजे उघडले आहेत. रात्रीत पाणी आणखी वाढेल.
कुठे: कोल्हापूर शहर – सुतारवाडा. करवीर तालुका – चिखली, आंबेवाडी.
जायचे कुठे: गावानुसार निवाऱ्याचे नाव आणि पत्ता
काय करायचे: वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना आधी हलवा. औषधे, आधार कार्ड, रेशन कार्ड, चार्जर प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. घर सोडताना विजेचे मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा. जनावरे गोठ्यात बांधून ठेवू नका.
काय करायचे नाही: पाणी आलेल्या रस्त्यावरून किंवा पुलावरून वाहन घालू नका.
मदत: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८
जारी करणारे: कार्यालयाचे पूर्ण नाव

या क्रमाला कारण आहे. पहिल्या ओळीत नदी, गावे, कृती आणि वेळ एकत्र आले. कारण बरेच जण तेवढेच वाचतात, आणि पुढे पाठवतानाही तेवढेच पाठवले जाते. आज्ञार्थी, छोटी क्रियापदे वापरली: हलवा, घ्या, बंद करा. 'स्थलांतर करण्याची कार्यवाही करावी' असे लिहिले की ती कार्यवाही कोणी करायची हाच प्रश्न उरतो.

'उद्या', 'परवा' हे शब्द एकटे कधीच लिहू नका. संदेश दुसऱ्या दिवशी पुढे पाठवला गेला की 'उद्या' एक दिवस पुढे सरकतो. शाळांच्या सुट्टीच्या बाबतीत हा गोंधळ दर पावसाळ्यात होतो. वार, तारीख, महिना, वर्ष असे पूर्ण लिहा. 'रात्री १२' हेही टाळा. मंगळवारी रात्री १२ म्हणजे मंगळवार सुरू होताना की संपताना, यावर दोन माणसांचे दोन अर्थ होतात. 'रात्री ११:५९पर्यंत' लिहिले की वाद मिटतो.

ठिकाणे लोक म्हणतात त्याच नावांनी लिहा. प्रभाग क्रमांक कार्यालयाला कळतो, रहिवाशाला नाही. गल्ली, पूल, देऊळ, तालीम, शाळा यांची नावे द्या. नकाशा जोडला तरी त्याच्याखाली तालुकावार गावांची यादी मजकुरात द्यायचीच. रस्ता बंद असेल तर नुसते 'कोल्हापूर–गगनबावडा मार्ग बंद' एवढ्यावर न थांबता कुठे बंद (मांडुकलीजवळ), कोणत्या वाहनांना बंद आणि पर्यायी रस्ता कोणता, हे सांगा. रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ आणि पुणे–बंगळूरु महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आले की काय लिहायचे, याचे मसुदे आधीच तयार ठेवता येतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी महामार्ग शिरोलीजवळ बंद करावा लागला होता. ही ठिकाणे आता अनपेक्षित राहिलेली नाहीत.

क्युसेकचे काय? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग होतो. जलसंपदा विभागाला हा आकडा हवा असतो, पत्रकारांनाही हवा असतो, तो जरूर द्या. पण वाचणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: त्यामुळे माझ्या दारात किती पाणी येणार आणि केव्हा? पुण्यात खडकवासल्याच्या विसर्गाचा आकडा ऐकून फारसे काही कळत नाही. 'भिडे पूल पाण्याखाली जाईल' म्हटले की लगेच कळते. प्रत्येक नदीवर अशा ओळखीच्या खुणा असतात. विसर्गाच्या कोणत्या टप्प्याला कुठली खूण पाण्याखाली जाते आणि धरणातून सुटलेले पाणी तिथवर यायला किती तास लागतात, याचा तक्ता जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांकडून मे महिन्यात करून घ्या आणि मसुद्यात बसवा.

रंग आणि पावसाचे शब्द

हवामान विभागाचे चार रंग लोकांना ऐकून माहीत आहेत, त्यांचा अर्थ मात्र सरमिसळ होतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. 'अतिवृष्टी' हा शब्दही जपून वापरावा. हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस. हे २४ तास मोजले जातात सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३०. म्हणून '१४ तारखेचा पाऊस' असे लिहिण्यापेक्षा दोन्ही टोकांच्या वेळा लिहा. तीन तासांपुरता असलेला तात्काळ अंदाज तर वेळेशिवाय टाकूच नये. पान उघडेपर्यंत तो संपलेला असू शकतो.

लाल इशारा म्हणजे शाळांना सुट्टी, असे समीकरण लोकांच्या डोक्यात बसले आहे. सुट्टीचा आदेश वेगळा निघतो. म्हणून लाल इशाऱ्याच्या पानावर 'शाळा' असा एक छोटा भाग कायम ठेवा आणि निर्णय झाला नसेल तर तसे स्पष्ट लिहा: 'शाळांबाबत निर्णय झालेला नाही; रात्री ९ वाजता इथेच कळेल.' एवढ्या एका ओळीने नियंत्रण कक्षाचे फोन मोकळे होतात.

रंगावर एकट्याने अर्थ सोपवू नका. लाल पट्टीवर 'लाल इशारा' हे शब्दही हवेत, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष दर बारा-पंधरा जणांत एखादा तरी असतात, आणि कार्यालयातल्या प्रिंटरमधून पान काळे-पांढरेच निघते. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे वाचता येत नाहीत. पिवळ्यावर काळी लिहा. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातले उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ हवे. सरकारी वेबसाइटसाठीच्या जीआयजीडब्ल्यू नियमावलीलाही तेच अपेक्षित आहे.

शीर्षक आणि शोधाचे शब्द

पानाच्या टायटल टॅगमध्ये 'मुख्यपृष्ठ | अधिकृत संकेतस्थळ | महाराष्ट्र शासन' असे काही असेल तर शोधाच्या यादीत तेच दिसते. पहिल्या ५०–६० अक्षरांत ठिकाण, धोका आणि दिनांक बसवा: 'कोल्हापूर पूर इशारा, १४ जुलै २०२६: पंचगंगा ३९ फूट'. कार्यालयाचे नाव शेवटी. पानावरचे मुख्य शीर्षक आणि टायटल यांत विसंगती नको.

लोक 'पूर' लिहितात, 'पुर'ही लिहितात. शोधयंत्र बहुतेक वेळा हे सांभाळून घेते, म्हणून पानावर चुकीचे शब्द भरण्याची गरज नाही. पण रोमन लिपीत मराठी किंवा इंग्रजीत शोधणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी इंग्रजी पान वेगळ्या पत्त्यावर ठेवा आणि दोन्ही पाने एकमेकांची भाषांतरे आहेत हे कोडमध्ये 'एचरेफलँग'ने सांगा. कोल्हापूर, इचलकरंजीसारख्या औद्योगिक भागात हिंदीही हवी. यंत्रमागावर काम करणारा परप्रांतीय कामगार नदीकाठच्या स्वस्त खोलीतच राहत असतो. तिन्ही पाने एकाच वेळी बदलली पाहिजेत. मराठीत ४३ फूट आणि इंग्रजीत अजून ३९, असे झाले तर इंग्रजी पान नसलेले बरे.

मधल्या काळात 'स्पेशल अनाउन्समेंट' या स्कीमा खुणेचा (पानावर तातडीची घोषणा आहे हे शोधयंत्राला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणेचा) बराच बोलबाला होता. ती २०२० साली कोविडच्या काळात आली, आणि गूगलने २०२५मध्ये शोधात तिचा वापर बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यावर आता वेळ घालवू नये.

फोन क्रमांकांबद्दल दोन बारकावे. १०७७ हा फोन लावणाऱ्याच्या जिल्ह्यातल्या कक्षाकडे जातो. पुण्यातल्या लेकीने गावच्या काळजीने तो लावला तर फोन पुण्याच्या कक्षात वाजतो. म्हणून ०२३१ने सुरू होणारा पूर्ण क्रमांकही द्या, परदेशासाठी देशाच्या कोडसह. आणि क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागेल अशी लिंक करताना दिसणारे आकडे मराठी चालतील, पण लिंकच्या आतले आकडे इंग्रजीच हवेत. नाहीतर काही फोनवर डायलर रिकामा उघडतो.

बदल, रद्द आणि मुदत संपलेले इशारे

कायमच्या पानावर नेहमी ताजी स्थिती. शिवाय प्रत्येक इशाऱ्याची प्रत स्वतंत्र पानावर, क्रमांक आणि तारखेसह. मुदत संपली की ती प्रत काढून टाकू नका. तिची लिंक शेकडो ग्रुपवर गेलेली असते आणि 'पान सापडत नाही' असे दिसले की लोक आणखी घाबरतात. त्याऐवजी सर्वांत वर ठळक पट्टी लावा: 'या इशाऱ्याची मुदत १५ जुलै २०२६ रोजी सकाळी १० वाजता संपली. आत्ताची स्थिती इथे पाहा.' ही पट्टी आपोआप लागण्याची सोय करा, कारण रात्रभर जागलेला माणूस सकाळी १० वाजता ती लावायला विसरतो. जुनी प्रत शोधात वर येऊ नये म्हणून 'अनअव्हेलेबल आफ्टर' ही रोबोट्ससाठीची सूचना तारखेसह घालता येते.

दुरुस्ती गुपचूप करू नका. गावाचे नाव चुकून राहिले असेल तर वर लिहा: 'सुधारणा, संध्याकाळी ६:१०: आंबेवाडीचा समावेश केला.' धोका टळल्यावर 'इशारा मागे घेतला' हेही तितक्याच ठळकपणे, घरी परतायला हरकत नाही की वीज आणि पाण्याची तपासणी व्हायची आहे हे सांगून.

सर्व्हरचे घड्याळ तपासा. ते जागतिक वेळेवर असेल तर संध्याकाळी ५:३०चा इशारा पानावर दुपारी १२चा म्हणून दिसतो आणि लोक तो जुना समजतात. कोडमधल्या तारखेला शेवटी अधिक ०५:३० असा वेळफरक जोडलेला असावा.

व्हॉट्सअॅपवर लिंक टाकली की शीर्षक आणि चित्राची चौकट दिसते. ती पाठवणाऱ्याच्या फोनवर त्या क्षणी तयार होते आणि संदेशात तशीच राहते. तुम्ही पान बदलले तरी जुन्या संदेशातली चौकट बदलत नाही. म्हणून कायमच्या पानाच्या चौकटीत आकडे नकोत, फक्त 'कोल्हापूर पूर इशारा: आत्ताची स्थिती' असे असावे. स्वतंत्र प्रतीच्या चौकटीत मात्र दिनांक आणि वेळ शीर्षकातच हवी. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे आणि ३०० केबीच्या आत ठेवा.

एसएमएस पाठवत असाल तर मराठी एसएमएसची मर्यादा ७० अक्षरचिन्हांची आहे, त्यापुढे प्रत्येक भागात ६७. काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येक वेगळे मोजले जाते. 'कोल्हापूर' या शब्दाचीच ९ होतात. एसएमएसचा साचा डीएलटी प्रणालीत (दूरसंचार कंपन्यांच्या एसएमएस नोंदणीच्या व्यवस्थेत) आधी मंजूर करून घ्यावा लागतो, तोही मे महिन्यातच. कायमचा पत्ता छोटा असण्याचा फायदा इथे पुन्हा होतो.

एकाच वेळी हजारो लोक आले तर

पुराच्या रात्री जी वेबसाइट लागते तीच आदल्या दिवसापर्यंत कोणी पाहत नसते. त्या रात्री ती बसली तर सगळे वरचे कष्ट वाया. इशाऱ्याचे पान डेटाबेसला न विचारता तयार फाइल म्हणून पोचवा, पुढे सीडीएन (पानाची प्रत अनेक सर्व्हरवर साठवून पोचवणारी सेवा) ठेवा. सीडीएनवरची साठवण ६० सेकंदांची असू द्या. ती २४ तासांची राहिली तर तुम्ही ४३ फूट लिहाल आणि लोकांना रात्रभर ३९ फूटच दिसेल. पूर्ण पान १०० केबीच्या आत बसते, अट एवढीच की वेगळा मराठी फॉन्ट उतरवायला लावू नये. अँड्रॉइड फोनमध्ये नोटो देवनागरी असतोच. व्हिडिओ, समाजमाध्यमांच्या चौकटी, भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारे यंत्र, सगळे काढा. जिल्ह्यांच्या बहुतेक वेबसाइट एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) एस-थ्री-वास या व्यवस्थेवर आहेत. तिथे काय बदलता येते हे जिल्हा सूचना-विज्ञान अधिकाऱ्याबरोबर बसून आधी पाहून घ्या.

सचेत आणि कॅप

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' हे पोर्टल आहे. सी-डॉट या केंद्र सरकारच्या दूरसंचार संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या व्यवस्थेत इशारे कॅप (कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल) या आंतरराष्ट्रीय साच्यात येतात. त्या साच्यात निकड, तीव्रता आणि खात्री अशा तीन वेगळ्या गोष्टी नोंदवाव्या लागतात, आणि ही विभागणी साध्या पानासाठीही मोलाची आहे. '४३ फूट झाले' हे पाहिलेले आहे. 'पहाटेपर्यंत ४५ होईल' हा अंदाज आहे. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका. कॅपमध्ये संदेश खरा, सराव की चाचणी हेही सांगावे लागते. सचेतची फीड आपल्या पानावर घेता येते, पण ती मुख्य इशाऱ्याच्या खाली ठेवा. तिच्यातला क्षेत्राचा उल्लेख बहुधा जिल्ह्याच्या पातळीवरचा असतो, तुमच्या वाचणाऱ्याला गल्ली हवी असते.

कोण टाकणार आणि सराव कसा घ्यायचा

वेबसाइटवर मजकूर चढवायचा पासवर्ड एकाच माणसाकडे असणे हे इशारा उशिरा निघण्याचे नेहमीचे कारण. निदान तीन जणांकडे स्वतंत्र लॉगिन हवे, तिघेही एकाच भागात राहणारे नकोत, आणि मोबाइलवरून मजकूर बदलता आला पाहिजे, कारण पुरात कार्यालयातली वीज जाते. मंजुरी कोणाची, आणि तो अधिकारी बोटीत असेल तर कोणाची, हे आदेशातच लिहून ठेवा. इशारा पातळी, धोका पातळी, रस्ता बंद, शाळा बंद, इशारा मागे, असे मंजूर मसुदे तयार असले की रात्री फक्त आकडे, गावे आणि वेळा भरायच्या उरतात.

मे महिन्याच्या शेवटी एकदा सराव घ्या. मजकुराची पहिली ओळ 'सराव: हा खरा इशारा नाही' अशी असू द्या, आणि चित्राच्या कार्डावरही तेच मोठ्या अक्षरांत. मग नदीकाठच्या गावातल्या, कार्यालयाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना त्यांच्याच फोनवर, वाय-फाय बंद करून, नेहमीच्या शब्दांत शोधायला सांगा. पान किती वेळात सापडले ते पाहा. मग फोन बाजूला ठेवायला सांगून तीनच प्रश्न विचारा: कोणी निघायचे, किती वाजेपर्यंत, कुठे जायचे. जिथे उत्तर अडखळते, ती ओळ त्यांच्यासमोरच पुन्हा लिहा. शेवटी सरावाची प्रत 'मुदत संपली' अशी झाली का आणि जुन्या लिंकवरून ताज्या पानावर जाता येते का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच फोनवरून तपासून घ्या.